मारले, सोडले, टाळले

भाचा गेला, वही राहिली. मधल्या पानावर 'मारलेले' असं दोनदा अधोरेखित केलंय आणि खाली पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर तिरकी. असे चार जुडगे आणि सुट्या तीन. तेवीस. रेघांची ही पद्धत त्यानं माझ्याकडूनच उचललीय. मी शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. गाडीतून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उतरताना हातात पाटी घेऊन अशाच रेघा ओढत उभी असते. माझ्या रेघा गुळाच्या, त्याच्या मुडद्यांच्या, एवढाच काय तो फरक.

जुलैतली गोष्ट. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या आठवड्यात पाणी दोन्हींच्या मध्ये घुटमळत होतं. शाळेला सुट्टी, बहिणीचं घर नदीच्या अंगाला, म्हणून तिनं पोराला आमच्याकडं राजारामपुरीत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, मोबाईलनं मान टाकली, आणि अकरा वर्षांचं ते पोरगं घरभर येरझाऱ्या घालायला लागलं. शेवटी मी माळ्यावर चढले आणि माझं नववीतलं पुस्तक खाली काढलं.

'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन'. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंग्स्टन या दोघांनी लिहिलेलं, १९८२ साली पफिननं छापलेलं, म्हणजे माझ्याच वयाचं. बिंदू चौकाजवळच्या एका रद्दीवाल्याकडून मी ते आठ रुपयांना घेतलं होतं. ज्यांनी असलं पुस्तक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आत ४०० परिच्छेद असतात, क्रमांक टाकलेले, पण ते ओळीनं वाचायचे नाहीत. परिच्छेदाच्या शेवटी विचारतात, डावीकडं जाणार की उजवीकडं? डावीकडं असेल तर अमुक क्रमांकावर जा. तिथं पोचलात की कुणीतरी उभं असतं, आणि मग फासे.

खेळणाऱ्याला तीन आकडे मिळतात. इंग्रजीत स्किल, स्टॅमिना, लक. आम्ही त्यांना कसब, दम आणि नशीब म्हणतो. एक फासा टाकून त्यात सहा मिळवले की कसब, दोन फासे अधिक बारा म्हणजे दम, एक फासा अधिक सहा म्हणजे नशीब. लढाईत माझे दोन फासे अधिक माझं कसब, त्याचे दोन फासे अधिक त्याचं कसब. ज्याची बेरीज मोठी त्याचा घाव लागतो आणि समोरच्याचा दम दोननं उतरतो. दम शून्यावर आला की खेळ खलास. पुस्तकाच्या सुरुवातीला एक कोरा तक्ता छापलेला असतो आणि त्यात शत्रूंसाठी चौकटी आखलेल्या. प्रत्येकाचं कसब आणि दम त्या चौकटीत लिहायचा आणि घावागणिक खोडत यायचं. पेन्सिलीनं लिहा, असं पुस्तकच सांगतं, म्हणजे पुढच्या खेपेला खोडून परत वापरता येईल. माझ्याआधी ज्याचं कुणाचं पुस्तक होतं त्यानं खोडलंय, पण दाबून लिहायची सवय असावी. कागद उजेडात तिरका धरला की ते आकडे अजून दिसतात.

भाच्याचा पहिला फासा पडला सहा. कसब बारा. ह्यापेक्षा जास्त पडतच नाही. पोरगं खाटेवर उभं राहून नाचलं.

आमच्या भांडणाची सुरुवात मात्र व्याकरणावरून झाली. पुस्तक इंग्रजी, भाच्याला इंग्रजी येतं पण शाळेपुरतं, म्हणून मी बघून मराठीत सांगत होते. खेळ डोंगरातल्या एका गुहेत चालतो. गुहेच्या सुरुवातीलाच चौकीवर एक ऑर्क, म्हणजे गोष्टीतला कुरूप राक्षस, झोपलेला असतो. मी सांगितलं, "चौकीवर एक ऑर्क घोरत पडलाय." भाचा म्हणाला, "मावशी, पडलाय न्हवं, पडलंय. ते ऑर्क हाय."

मी थांबले. इंग्रजीत एकदा 'इट' म्हटलं की विषय संपतो. मराठीत प्रत्येकाला तो, ती की ते हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. आणि ते ठरवलं की अर्धा निकाल लागलेला असतो. 'ते' म्हटलं की झुरळ, चिलट, भूत, माकड. चप्पल उचलायला हात आपोआप जातो. 'तो' म्हटलं की कुणाचा तरी मुलगा. मुद्दाम मी पुढचे चार-पाच परिच्छेद सगळ्यांना 'तो' लावत गेले. "तो दचकून उठला. त्यानं कोपऱ्यातली तलवार घेतली." पोरगं वैतागलं. "असं नको ना सांगू! मग कसं मारायचं?"

दुसरी गंमत माझ्याच बाबतीतली. ह्या पुस्तकात नायक कुठं दिसत नाही. चित्रं सगळी त्याच्या डोळ्यांतून काढलेली, समोर काय उभंय तेवढंच. त्याला नाव नाही, आणि इंग्रजीतल्या 'यू'ला लिंग नाही. नववीत पुण्याच्या माझ्या आतेबहिणीला मी हे पुस्तक दाखवलं होतं, तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न केला, मग तू मुलगा होऊन खेळतेस की मुलगी? मला प्रश्नच कळला नव्हता. आम्ही कोल्हापूरच्या पोरी. 'मी येतो', 'मी जातो', 'मी जेवलो' हेच आमचं बोलणं. ऑफिसात लिहिताना मी 'येते' लिहिते, पण फासे हातात आले की 'मी आत शिरलो, मी दार ढकललो'. गुहेत शिरण्यासाठी मला क्रियापद बदलावं लागलं नाही, हा कोल्हापूरचा माझ्यावर उपकारच.

तर, कसब बारा. पहिल्या तासात पोरानं सहा जणांना आडवं केलं. स्वयंपाकघरातून आई विचारत होती, "कुणाला मारालाय रं एवढं?" आणि तो ओरडून सांगत होता, "ऑर्कला! परत एका ऑर्कला!" आमचे आप्पा खिडकीशी आरामखुर्चीत. ऐकू कमी येतं, पण आकडा मात्र बरोबर ऐकू येतो. तरुणपणी ते तालमीत होते आणि खासबागच्या मैदानात उतरलेले आहेत. ते म्हणाले, "तुझं बारा, त्याचं किती?"

"सहा."

"बारा न् सहा? ही जोड लावली कुणी?"

ज्यांना कुस्तीतलं कळत नाही त्यांनाही ह्यातली शिवी कळावी. मैदानात कुणीही कुणाशीही लढत नाही. आधी जोड लावतात. वजन, उंची, तयारी, नाव, सगळं बघून दोघं तोलामोलाचे असतील तरच हातात हात देतात. जोड चुकली तर ज्यानं लावली त्याची हुर्यो उडते आणि जिंकणाऱ्यालाही फेटा घ्यायची लाज वाटते. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या मैदानात लोक येतात ते तोलाची कुस्ती बघायला. बारकं पोर आपटलेलं बघायला कोण पैसे देतो?

रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी हिशेब मांडला. दोघांचे मिळून चार फासे, म्हणजे १२९६ शक्यता. दोघांचं कसब सारखं असेल तर ५७५ वेळा घाव माझा, ५७५ वेळा त्याचा आणि १४६ वेळा बरोबरी. ही जोड झाली. आता बाराविरुद्ध सहा घ्या. घाव माझा १२२६ वेळा, बरोबरी ३५ वेळा, आणि त्याचा घाव फक्त ३५ वेळा. शंभरात तीनसुद्धा नाही. म्हणजे तो बिचारा तलवार उपसून उभा राहतो ती चित्रात शोभा म्हणून. पुस्तक ह्याला लढाई म्हणतं. आकडे बघून मला दुसरा शब्द सुचत होता. सकाळी भाच्याला हे १२९६ चं कोष्टक दाखवलं, त्याला एवढंच दिसलं की आपण हरत नाही. "लई भारी!" म्हणाला.

आप्पांनी मात्र आणखी एक गोष्ट काढली. आपल्याकडं 'मारली' हा शब्द जिंकलेल्या कुस्तीला लावतात. अमक्यानं गावच्या जत्रेत तीन कुस्त्या मारल्या. आस्मान दाखवलं, पाठ लावली, चितपट केलं. आणि ज्याची पाठ लागली तो माती झटकून उठतो, जिंकलेल्याच्या गळ्यात पडतो, संध्याकाळी दोघं एका पंगतीला. मारलेल्या कुस्त्यांचा आकडा माणूस म्हातारपणी सांगतो तेव्हा त्या आकड्यातली अर्धी माणसं समोर बसून 'व्हय व्हय' म्हणत असतात. भाच्यानं विचारलं, "मग मी मारलेल्यांना 'ठार' म्हणून वेगळं लिहू?" हा प्रश्न मला आवडला. गप्पा मारतो, हाक मारतो, शिक्का मारतो, बाजी मारतो. मराठीत एवढं सगळं मारून झाल्यावर खरोखर जीव घ्यायचा तर वेगळा 'ठार' जोडावा लागतो.

इथं माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. मी वहीत तीन रकाने आखले. मारले, सोडले, टाळले. मारले म्हणजे ठार. सोडले म्हणजे हातात असून जाऊ दिलं. टाळले म्हणजे गाठच पडू दिली नाही. पहिल्या रकान्यात त्याचे तेवीस होतेच. दुसऱ्या-तिसऱ्यात भोपळा.

रकाने आखले की नोंदींवरून वाद होतात, हे दुकानात रोजचं. त्या दिवशी वाद झाला सांगाड्यांवरून. ह्या गुहेत सांगाडे आहेत, झोंबी आहेत, रक्तपिपासू आहे. भाच्याचं म्हणणं, ते आधीच मेलेलं आहे, ते मारलेल्यात धरलं तर एकच माणूस दोनदा मेल्याची नोंद होईल. डबल एंट्री! हा शब्द त्यानं चुकीच्या अर्थानं वापरला, पण मुद्दा पक्का होता. सांगाडे वगळले. मग लोखंडी पुतळा. एकाक्ष राक्षसाचा पुतळा असतो, डोळ्यातलं रत्न काढायला गेलं की जिवंत होऊन अंगावर येतो. तो धरायचा का? मी म्हटलं, पुतळ्याचं मरण कसलं, यंत्र बंद पडलं म्हणायचं. भाचा म्हणाला, पण तो रत्न राखत होता, आपण चोरत होतो. पुतळा धरला. उंदीर, नदीतली मगर, ह्यांच्यावर आणखी अर्धा तास गेला. मधेच आईनं आतून टोमणा टाकला, "रविवारी मटणाच्या रश्शात भाकरी चुरताना काय रकाना आखत न्हाईसा मायलेकरं!" बरोबर आहे. आमच्या घरात अहिंसेवर कुणी प्रवचन देऊ शकत नाही. तांबड्या-पांढऱ्याला नको म्हणणारं माणूस आमच्या भावकीत जन्मलेलं नाही. मी भाच्याला सांगितलं, खाण्यासाठी मारलेलं वेगळ्या पानावर. तो म्हणाला, "मगर खाल्ली असती तर चाललं असतं?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मला स्वतःला त्या पुस्तकातली खरी टोचणारी जागा वेगळीच आहे, आणि तिथं म्हटलं तर कुणीच मरत नाही. सुरुवातीच्या एका खोलीत एक प्राणी गवताच्या गादीवर झोपलेला असतो आणि टेबलाखाली लाकडाची पेटी असते. बाहेर निघून जा, नाहीतर पेटी चोरायचा प्रयत्न करा, असे दोन पर्याय. चोरताना नशीब फिरलं तर तो जागा होतो आणि मग त्याच्याशी लढाई. नशीब चांगलं असेल तर पेटी हाती येते. उघडली की आत एक सोन्याचं नाणं आणि एक बारका उंदीर. त्यानं पाळलेला असावा, असं पुस्तकच म्हणतं. आपण नाणं ठेवून घेतो, उंदीर सोडून देतो. बक्षीस म्हणून नशिबात दोनाची भर.

नववीत मी ह्या परिच्छेदावरून सरळ पुढं गेले होते. नाणं मिळालं, नशीब वाढलं, चला. आता मोठ्यानं वाचताना जीभ अडखळली. गवतावर झोपणारा, ज्याच्या सगळ्या इस्टेटीत एक नाणं आणि एक उंदीर, त्याच्या घरात मी शिरले आहे. आणि तो जागा झाला असता तर त्याला मारणं हे पुस्तकाच्या लेखी माझं स्वसंरक्षण. घरात घुसायचं, चोरी करायची, मालक उठला म्हणून त्याला संपवायचं, ह्याला आपल्याकडं काय म्हणतात? ३०२. नव्या संहितेत त्याचं १०३ झालंय, पण आमच्या तोंडात अजून ३०२ च बसलंय. बरं, ह्या गुहेत आपण कशासाठी शिरलो? कुणाची सुटका करायला नाही, गाव वाचवायला नाही. तिथल्या मांत्रिकाकडं, म्हणजे नावातल्या त्या वॉरलॉककडं, खजिना आहे असं ऐकलं म्हणून. एवढंच कारण पहिल्या पानावर दिलंय, आणि तीस वर्षांत मला ते कमी वाटलं नव्हतं.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "उंदीर सोडलेल्यात लिहू?"

लिही म्हटलं. दुसऱ्या रकान्यात पहिली रेघ पडली ती उंदराची.

मग पैज लागली. त्याच गुहेत पहिल्यापासून शिरायचं आणि कमीत कमी मारून शेवटाला जायचं. हा खेळ मी कधी खेळले नव्हते, आणि खेळायला लागल्यावर पुस्तकाची गोम कळली. मारायला फासे लागतात, पण फासे फुकट असतात. न मारायला नशीब लागतं आणि नशीब खर्ची पडतं. झोपलेल्या ऑर्कशेजारून चवड्यावर जायचं तर नशिबाची परीक्षा. दोन फासे टाका, बेरीज नशिबाएवढी किंवा कमी आली तर सुटलात. पण सुटलात काय आणि अडकलात काय, नशीब एकनं उतरतं. सुरुवातीला नशीब बारा असेल तर पहिली परीक्षा पक्की पास. सातावर आलात की ३६ पैकी २१. चारावर आलात की ३६ पैकी ६. म्हणजे सुरुवातीला दया स्वस्त, आणि जसजसं आत जाल तसतशी महाग. शिवाय खजिन्याच्या पेटीला बरोबर किल्ल्या लागतात, आणि त्यांतली एखादी राखणदाराला आडवं केल्याशिवाय हाती लागत नाही. आमचं ह्या खेपेला कसब नऊ पडलं. नऊविरुद्ध सहा म्हणजे शंभरात ७६ वेळा घाव आपला. आप्पांच्या मते ही जोडसुद्धा चुकीचीच, पण जत्रेत खपून जाईल अशी.

सगळी पुस्तकं अशी नसतात, हे त्याच आठवड्यात भाच्याला सांगितलं. जो डेव्हर ह्यांची 'लोन वुल्फ' मालिका १९८४ ला सुरू झाली. तिच्यात दहा विद्यांपैकी पाच निवडायच्या असतात आणि त्यांत एक आहे बरं होण्याची. ती घेतली की ज्या परिच्छेदात लढाई झाली नाही त्या प्रत्येकाला गमावलेल्या दमातला एक परत मिळतो. म्हणजे तिथं शांततेला रोजंदारी आहे. डेव्हर ह्यांनी परवानगी दिल्यामुळं ही पुस्तकं प्रोजेक्ट एऑनच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ते २०१६ साली गेले. मी ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली आणि पोरानं पाचांत ती विद्या सोडून तलवारीची घेतली.

१९८५ साली आलेल्या 'ब्लडफ्यूड ऑफ आल्थियस' मध्ये ग्रीक पुराणाचा मामला आहे. तिथं मान आणि लाज असे दोन वेगळे आकडे ठेवायचे. मान सातापासून, लाज शून्यापासून. लाज मानाच्या वर गेली तर कुणी मारायला यावं लागत नाही, नायक स्वतःच स्वतःला संपवतो. माझ्या धंद्याच्या माणसाला ही वही लगेच पटते. जमा आणि नावे एकमेकांत मिसळायचे नाहीत, शेवटी शिल्लक काढायची. आणि १९८६ च्या 'क्रीचर ऑफ हॅवक' मध्ये तर आपणच ते. म्हणजे 'ते'. स्टीव्ह जॅक्सन ह्यांनी त्यात वाचणाऱ्याला राक्षस केलंय. सुरुवातीला स्वतःवर ताबा नसतो, काय करायचं ते फासेच ठरवतात, आणि समोरून तलवारवाले येतात ते तुम्हाला मारलेल्यांत जमा करायला. भाच्याला हे ऐकूनच घाम फुटला. "म्हंजे आपली चौकट त्यांच्या वहीत?"

मारलेल्यांचा हिशेब म्हटलं की मला महाभारतातलं स्त्रीपर्व आठवतं. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आकडा सांगतो. १ अब्ज ६६ कोटी २० हजार. आणि ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही असे २४,१६५. पहिला आकडा कुणीही ढोबळ म्हणेल. माझं लक्ष दुसऱ्यावर जातं. अब्जांचा हिशेब सांगणारा माणूस न सापडलेल्यांच्या बाबतीत शेवटच्या पाचापर्यंत जातो. मेलेल्यांचं खातं बंद होतं, त्यात हजार इकडं-तिकडं चालतात. बेपत्ता माणसाचं खातं उघडं राहतं. ते पाच कोण असतील, कुणाच्या घरी दार अजून लोटून ठेवलं असेल, ह्याचा विचार मला गुळाचा ताळमेळ न लागलेल्या रात्रीही येतो. पण तिथं पाच रवे चुकले तर फार तर हमालांशी भांडण होतं.

आमच्या गावाकडं देवळामागं एक वीरगळ आहे. पूर्वी पोरं त्यावर चढून बसायची. खालच्या पट्टीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. पोराला गेल्या दिवाळीत नेलं होतं, तेव्हा त्यानं विचारलं होतं, त्यानं किती मारले ते कुठं लिहिलंय? कुठंच नाही. दगड आहे तो मेला म्हणून. समोरचे जे पडले त्यांच्याही गावात असा दगड असेल आणि त्यात हाच आपला वीर खालच्या पट्टीत 'शत्रू' म्हणून उभा असेल. हे मी तेव्हा बोलले नाही, शेव-चिवडा खात होतो.

पैजेचं सांगायचं राहिलं. आम्ही हरलो. मारले सात, सोडले दोन, टाळले पाच, आणि चक्रव्यूहासारख्या बोळांत फिरून फिरून नशीब संपलं, मग दमही. ज्यानं आम्हाला संपवलं त्याला भाच्यानं पहिल्यांदाच स्वतःहून 'तो' म्हटलं. "तो लई तयारीचा होता, मावशी. जोड बरोबर होती." आप्पांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण मान हलली.

पाणी उतरलं, रस्ते मोकळे झाले, बहीण येऊन पोराला घेऊन गेली. वही राहिली ती अशी. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. मला वाटलं वही मागतोय.

"मावशी, ते उंदराचं चुकलंय."

"काय चुकलं?"

"तो आपला नव्हता न्हवं. त्या झोपलेल्याचा होता. मग आपण सोडला कसा म्हणायचं? तो उठल्यावर पेटी बघणार की."

मी वही उघडली. रेघ खोडली, पण मीसुद्धा दाबून लिहिणारी, खूण राहिलीच. चौथा रकाना आखायला जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं. देणे: नाणं १, उंदीर १.

"लिहिलं," म्हटलं. "अजून काय?"

"काय न्हाई. शनिवारी येतो. फासे माझ्या दप्तरात आल्यात."